डिसेंबर सोडा, मेअखेर धरा: डार्विनचे डोह, धबधबे आणि मोटरहोम

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरमधल्या एका ताईंचा आहे. मुलगा मेलबर्नला नोकरी करतो. त्याचा बेत असा, की घरच्यांनी इंदूरहून उत्तर ऑस्ट्रेलियातलं डार्विन गाठावं, तोही तिथे येईल, कॅराव्हॅन भाड्याने घेऊ आणि दहा-बारा दिवस धबधबे बघत, डोहांत पोहत हिंडू. बरोबर ताईंचे यजमान, नववीतली मुलगी आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई. यजमानांना रजा नाताळात मिळते. ताईंना विचारायचंय ते हे: डिसेंबर कसा, इतक्या गरम मुलखात धबधब्यांना पाणी टिकतं का, गाडी कोणती घ्यावी, मगरींबद्दल ऐकू येतं ते कितपत खरं, आणि आजींना हे झेपेल का.

मी डार्विनमध्ये भाड्याच्या मोटरहोमच्या डेपोत कामाला होतो. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची, सगळी कळ-बटणं समजावून सांगायची, आणि परत आली की काय मोडलं, काय तुंबलं ते बघायचं. त्यामुळे माझं ज्ञान जास्त करून लोक कुठे अडकतात याबद्दलचं आहे.

ताई, डिसेंबर नको. बाकी सगळं यावर ठरतं, म्हणून आधी हे मिटवू.

डार्विनच्या मुलखाला तिकडे टॉप एंड म्हणतात. तिथे ऋतू दोनच मानायचे: नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि मे ते ऑक्टोबर कोरडा काळ. डार्विनला वर्षाला सतराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या इंदूरचा हजाराच्या आसपास धरा. तिथला जवळजवळ सगळा पाऊस त्या ओल्या सहा महिन्यांत. डिसेंबरात पारा ३३ च्या वर फारसा जात नाही, पण हवा अशी चिकट की दोरीवर टाकलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. धबधबे तेव्हा तुडुंब असतात, यात वाद नाही. पण त्याच कारणाने पोहण्याचे बरेच डोह बंद असतात, कच्चे रस्ते पाण्याखाली जातात, आणि पाणी पसरलं की त्याबरोबर मगरीही पसरतात. डार्विनच्या पूर्वेला असलेल्या काकडू राष्ट्रीय उद्यानातले मोठे कडे-धबधबे तेव्हा लोक छोट्या विमानातून बघतात. पैसे मोजून काचेआडून पाणी बघायचं, पाय बुडवायची सोय नाही.

आपल्या इंदुरी डोक्यात धबधबा आणि पाऊस हे एकत्रच बसलेले आहेत, आणि त्याला कारण आहे. माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं. विंध्याच्या कड्यावरून निमाडात उडी घेणारं पाणी बहुतेक त्याच आठवड्याच्या पावसाचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पातालपाणी गर्जतं, तिंछा फॉलला रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि मार्चमध्ये तिथेच जाऊन बघा, कड्यावर ओला डाग. म्हणून आपण धबधबे बघायला पावसात जातो आणि काठावरूनच बघतो. बघायलाच हवं. जुलै २०११ मध्ये पातालपाण्याला वरून अचानक लोंढा आला आणि पात्रात उभे असलेले लोक कड्यावरून खाली गेले, ते इंदूर अजून विसरलेलं नाही.

डार्विनच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर लिचफिल्ड राष्ट्रीय उद्यान आहे, तिथला खडक वेगळा. ते वालुकाश्माचं सपाट पठार आहे. पावसाळ्याचं पाणी त्यात मुरतं आणि मग कडेच्या झऱ्यांतून महिनोन्‌महिने बाहेर येत राहतं. त्यामुळे आकाशात ढग नसताना, पाच-सहा आठवडे थेंब पडलेला नसताना, फ्लोरेन्स फॉल्स आणि वांगी फॉल्स वाहत असतात, आणि पाणी गढूळ नसतं, तळाचे गोटे दिसतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: पाणी टिकतं, पण सगळीकडे नाही. काकडूतला जिम जिम फॉल्स नावाने मोठा, सुमारे दोनशे मीटरचा कडा. पण तो पावसावरचा. त्याच्याकडे जाणारा रस्ता उघडेपर्यंत धार बारीक व्हायला लागलेली असते, आणि कोरड्या काळाच्या शेवटी तर नुसता कडा उरतो. फोटो बघून हट्ट धरू नका. शिवाय शेवटचे काही किलोमीटर फक्त फोर व्हील ड्राइव्हचे आहेत, भाड्याचं मोटरहोम तिथे नेताच येत नाही.

आता तारखा. मध्य प्रदेशातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी मे आणि जूनचा पहिला पंधरवडा. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा हा काळ तुमच्यासाठी उत्तम. पाणी भरपूर, रस्ते बहुतेक उघडलेले, आणि जुलैमध्ये दक्षिणेतून थंडीला कंटाळून येणाऱ्या ऑस्ट्रेलियनांची जत्रा अजून भरलेली नसते. इंदूर तेव्हा चाळिशीच्या वर तापलेलं असतं आणि डार्विन ३१-३२ वर, म्हणजे आपल्या माणसाला गार वाटेल. दक्षिणेला कॅथरीन गावाच्या बाजूला जूनच्या पहाटे पारा १३ च्या आसपास उतरतो. पातळ पत्र्याच्या गाडीत ती थंडी जाणवते, तेव्हा आजींची शाल आणि पायमोजे हँडबॅगेतच ठेवा. वाटेत रस्त्याकडेला गवत पेटलेलं दिसेल आणि त्यावर घारी घिरट्या घालत असतील. घाबरू नका. कोरड्या काळाच्या सुरुवातीला मुद्दाम हलके वणवे लावून गवत जाळतात, म्हणजे पुढे मोठी आग भडकत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांची ही फार जुनी पद्धत आहे.

यजमानांची रजा डिसेंबरातून हलतच नसेल तर डार्विनचा नाद सोडा आणि मुलाकडे मेलबर्नलाच जा. तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. ग्रॅम्पियन्समधला मॅकेन्झी फॉल्स वर्षभर वाहतो. पोहायला बंदी, पण बघण्यासारखा आहे. पोहायला समुद्र आहेच.

गाडी. मागे ओढायची कॅराव्हॅन घेऊ नका, सरळ मोटरहोम घ्या, म्हणजे घर आणि इंजिन एकाच सांगाड्यावर. ओढायच्या गाडीला वजनाचा तोल साधावा लागतो, आणि रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं. कॅम्पच्या अरुंद जागेत, संध्याकाळी, चार शेजारी खुर्च्या टाकून बघत असताना हे शिकायची वेळ येऊ नये. तिकडेही गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे तुमच्या मुलाला आणि यजमानांना सवय व्हायला अर्धा दिवस पुरे. आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर पाहुण्यांना ते चालतं; तरी नायता मुंडल्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा, भाड्याच्या काउंटरवर वाद नको.

तुम्ही पाच जण. सहा बर्थची गाडी बघा, पण बर्थ मोजण्याआधी सीटबेल्ट मोजा आणि ते कुठे आहेत तेही विचारा. कागदावर झोपायची जागा सहाची दिसते, आणि एखादी सीट मागच्या टोकाला, जिथून बाहेरचं काही दिसत नाही अशी असते. आजींना तिथे बसवलं तर दुसऱ्या दिवशीच त्यांना मळमळायला लागेल. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग मुलीला द्या, ती खूष. मागचा कायम अंथरलेला खालचा पलंग आजींचा. जेवणाचं टेबल खाली पाडून रोज रात्री पलंग करायचा आणि सकाळी मोडायचा, हे काम मुलाकडे. मधल्या दोन-तीन मुक्कामांना कॅराव्हॅन पार्कमध्ये एक केबिन वेगळी घ्या. बहुतेक पार्कांत त्या असतात. आजींना रात्री उठून तीन पायऱ्या उतरायला नकोत, आणि बाकीच्यांनाही पाय पसरून झोपता येतं.

गरम मुलखात सगळ्यात महत्त्वाची आणि कुणीच न विचारणारी गोष्ट म्हणजे वीज. मोटरहोमच्या घरातला एसी बॅटरीवर चालत नाही. कॅम्पच्या खांबाला वायर जोडली तरच चालतो. चालताना पुढचा, इंजिनचा एसी चालतो तो वेगळा. म्हणजे वीज असलेली जागा, जिला तिकडे पॉवर्ड साइट म्हणतात, ती आरक्षित केलेली नसेल तर रात्री पंखा आणि खिडकीची जाळी, एवढंच. लिचफिल्डच्या आतल्या सरकारी कॅम्पांवर वीज नसते. बाहेर बॅचलर गावाकडच्या खाजगी पार्कांत असते. मेअखेरीच्या रात्री विजेविना निभतात, पण आजींसाठी मी आलटून-पालटून ठेवीन: एक रात्र आत डोहाजवळ, पुढची बाहेर विजेवर. गाडीची बॅटरी आणि मोबाइलही त्या निमित्ताने दमाने चार्ज होतात.

वेग. स्टुअर्ट हायवेवर काही भागात मर्यादा ताशी १३० आहे. ती तुमच्यासाठी नाही. उंच मोटरहोम ९०-९५ वर ठेवा. समोरून रोड ट्रेन येते, म्हणजे एका इंजिनमागे तीन-चार ट्रेलर, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. ती शेजारून गेली की वाऱ्याचा धक्का बसतो. स्टिअरिंग दोन्ही हातांत असू द्या, झटका देऊ नका. तिला मागे टाकायच्या फंदात तर अजिबात पडू नका. सूर्य मावळायच्या आधी मुक्कामाला पोचायचं, कारण संधिप्रकाशात कांगारू आणि गुरं रस्त्यावर येतात, आणि बहुतेक करारांत गावाबाहेर रात्री गाडी चालवली तर विमा लागू होत नाही. करारातले आणखी दोन कलम नीट वाचा: छत आणि गाडीचं पोट. हे दोन्ही बऱ्याचदा विम्याबाहेर असतात. डेपोत परतलेल्या गाड्यांचं सगळ्यात महाग नुकसान छताचंच असायचं, झाडाची आडवी फांदी किंवा दुकानाच्या पार्किंगची कमान. गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा.

मार्ग मी असा धरीन: डार्विनला एक रात्र आणि किराणा, मग लिचफिल्डला तीन रात्री, तिथून कॅथरीनकडे तीन-चार, परतताना पाइन क्रीकवरून काकडूत दोन-तीन, आणि शेवटची रात्र डार्विन. सगळं मिळून दीड हजार किलोमीटरच्या आत, सगळं डांबरी. लिचफिल्ड डार्विनहून एका दिवसात उरकणारे पुष्कळ आहेत. सकाळी निघायचं, चार ठिकाणं टिपायची, रात्री परत. तुम्ही तसं करू नका. डोहाची मजा सकाळी साडेसात-आठला आहे. दहानंतर डार्विनच्या बसेस येतात, दुपारी तीननंतर त्या जातात. मधल्या वेळात गाडीच्या सावलीत पडा, पत्ते खेळा.

ब्यूली रॉकहोल हा एक धबधबा नाही, पाण्याची उतरंड आहे. ओढा एका खडकाच्या खळग्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पडत जातो. वरचे खळगे बसण्यापुरते, न्हाणीघरातल्या हौदाएवढे, खालचे खोल. पाण्याच्या कडेचा खडक कोरडा असेल तिथे पाय घट्ट बसतो, पण धारेखालच्या काळसर-हिरव्या पट्ट्यावर पाय टाकलात की गेलाच. बसून सरका, उभं राहून चालू नका. मुलीला सांगा, उडी मारायची नाही. पाण्याखाली खडकाचे कंगोरे असतात आणि फेसात दिसत नाहीत. पार्किंग लहान आहे, तुमची सात मीटरची गाडी तिथे नऊनंतर वळवणं अवघड. तिथून जवळच फ्लोरेन्स फॉल्स. वरच्या सज्जातून दोन धारा आणि खालचा डोह पूर्ण दिसतो, आजींनी तिथेच थांबावं, कारण खाली जायला लांबलचक जिना आहे. डोह कड्यांच्या सावलीत आहे, पाणी पहिल्या मिनिटाला थंडगार लागतं.

वांगी सगळ्यात मोठा आणि आजींच्या सोयीचा. पार्किंगपासून सपाट वाट, बाकडी, झाडांची सावली, खायचं छोटं दुकान. डोह रुंद आहे, आणि काठावरून धबधबा वाटतो त्यापेक्षा बराच लांब आहे. मधेच दम लागलेले लोक मी पाहिलेत, चांगले पोहणारे. प्रत्येकाच्या हाताखाली फोमची लांब नळी असू द्या. डार्विनच्या कुठल्याही मोठ्या दुकानात दोन-चार डॉलरला मिळते. वाटेवर टोल्मर फॉल्स लागतो, तो फक्त बघायचा, खाली उतरायला बंदी आहे, तिथल्या गुहांत दुर्मीळ वटवाघळं राहतात. आणि बॅचलरकडून येताना वाळवीची ती सपाट वारुळं बघायला थांबा: दोन मीटर उंच, पाट्यासारखी चपटी, आणि सगळ्यांच्या धारा उत्तर-दक्षिण. दुपारचं ऊन कमीत कमी अंगावर पडावं म्हणून.

आता मगरी. ऐकलंय ते खरं आहे, पण त्याने जायचं थांबवायचं कारण नाही. तिथे दोन जाती. गोड्या पाण्यातली, निमुळत्या तोंडाची, सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. डोहांत ती कधीकधी असते. दुसरी खाऱ्या पाण्यातली, जिला ते सॉल्टी म्हणतात, ती माणूस खाते. नावावर जाऊ नका, ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, गोड्या नदीतही राहते. १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन ज्यात येतं त्या प्रांतात, तिची शिकार बंद झाली, तेव्हा काही हजार उरल्या होत्या. आज एक लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे तिथल्या नद्या, खाड्या, पुलाखालचे डोह, सगळं तिचं आहे असं धरून चालायचं.

मग लोक पोहतात कसे? दर पावसाळा संपला की रेंजर प्रत्येक पोहण्याच्या जागेची तपासणी करतात. रात्री होडीतून टॉर्च मारून डोळे चमकतात का बघतात, पिंजरे लावतात, आणि काही ठिकाणी पाण्यात फोमचे मोठे गोळे तरंगत सोडतात. सॉल्टी पाण्यात आलेल्या नव्या वस्तूला चावून बघते, आणि फोमवर दात उमटतात. सकाळी रेंजर गोळा उलटून बघतो. तुम्हाला असा खरबडलेला गोळा दिसला तर मुलीला दाखवा, मगर म्हणजे काय ते एका नजरेत कळतं. सगळं साफ निघालं की मग पाटी बदलते आणि डोह उघडतो. तरी शंभर टक्के खात्री कुणी देत नाही. जुलै २०२३ मध्ये, ऐन हंगामात, उघड्या असलेल्या वांगीच्या डोहात एका पोहणाऱ्याला सॉल्टीने चावा घेतला. माणूस वाचला, डोह बंद झाला.

म्हणून माझा नियम सोपा: पाण्यात उतरायचं ते त्या दिवशीची पाटी बघून. काल उघडं होतं, शेजारच्या गाडीतले पोहून आले, गुगलवर फोटो आहेत, यातलं काहीच चालणार नाही. पाटीच नसेल तर पाय नाही घालायचा. नदीच्या घाटावर, होडी उतरवायच्या उतारावर, मासे साफ करायच्या जागी रेंगाळायचं नाही. नदीकाठी तंबू किंवा गाडी लावाल तर पाण्यापासून किमान ५० मीटर लांब. आपल्याला नर्मदेच्या घाटावर उकिडवं बसून भांडी विसळायची, तोंडावर पाणी मारायची सवय. तिथे ती हौस नळावर भागवायची. आणि समुद्र सुंदर दिसला तरी ऑक्टोबरपासून मे संपेपर्यंत त्यात पेटीसारखे जेलीफिश असतात, त्यांचा दंश जीवघेणा. डार्विनच्या लोकांना डोहांचं इतकं वेड का, त्याचं अर्धं कारण हेच.

कॅथरीनच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर हायवे सोडून आत वीस किलोमीटर गेलं की एडिथ फॉल्स, तिथल्या मूळ रहिवासी जावोयन लोकांच्या भाषेत लेलिन. माझी निवड विचाराल तर पूर्ण प्रवासात ही. कॅम्प डोहापासून चालत दोन मिनिटांवर. खालचा डोह प्रशस्त, आणि टेकडीवरून छोटी फेरी मारली की वरचा डोह, तिथे खडकाच्या कट्ट्यावर बसून धारेखाली पाठ धरता येते. वरची वाट तुम्ही आणि मुलांनी करा, यजमान आजींबरोबर खाली. जागा आधी ऑनलाइन आरक्षित करा, ऐन वेळी मिळत नाही. हे सगळं निटमिलुक उद्यानात येतं. जमीन जावोयन लोकांच्या मालकीची आहे, १९८९ मध्ये ती त्यांना कायदेशीर परत मिळाली. तिथले काही डोह आणि कडे त्यांची देवस्थानं आहेत. जिथे जाऊ नका लिहिलंय तिथे कुंपण नसलं तरी जायचं नाही, आपल्या गाभाऱ्याला कुठे कुंपण असतं.

आजींसाठी मात्र सगळ्यात भारी जागा कॅथरीनच्या पुढे शंभर किलोमीटरवर आहे: मातारांका. जमिनीतून ३४ अंशांच्या आसपासचं पाणी अखंड वर येतं. ताडांच्या बनात बांधून काढलेलं कुंड आहे, पायऱ्या आणि कठडे आहेत, छातीएवढं पाणी. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे तासभर बसावं. जवळच बिटर स्प्रिंग्स, तिथे कुंड बांधलेलं नाही, निळसर नितळ ओढा आहे. एका टोकाला शिडीने उतरायचं, फोमच्या नळीवर रेलायचं, आणि संथ प्रवाह आपोआप खाली नेतो. चेहरा पाण्यात घालून बघितलं तर तळाला शेवाळाची झाडं हलताना दिसतात. उतरून काठाच्या वाटेने परत वर, पुन्हा पहिल्यापासून. मुलगी तुम्हाला तिथून निघू देणार नाही, त्या दिवशी पुढचा पल्ला ठेवू नका.

काकडू अवाढव्य आहे, जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्यासारखे पाच इंदूर जिल्हे त्यात मावतील. पहिल्या खेपेला तिथे पोहण्याच्या मागे लागू नका. यलो वॉटर या पाणथळीतली सकाळची होडी आणि उबिरची शैलचित्रं, एवढं पुरे, दोन्ही आजींना जमतील. उबिरच्या शेवटच्या चढावर फक्त त्यांना नेऊ नका. सॉल्टी होडीतून बघायला तिथेच मिळेल, आणि ती योग्य जागा आहे. काकडूचा प्रवेश पास वेगळा, लिचफिल्ड-निटमिलुकसाठी टेरिटरीचा पार्क पास वेगळा, दोन्ही ऑनलाइन काढा. लिचफिल्डमध्ये आणि वाटेत मोबाइलला रेंज जवळजवळ नसते, पास आणि नकाशे आधीच उतरवून ठेवा. डिझेल काकडूतल्या जबिरू गावात भरून घ्या.

स्वयंपाक. ऑस्ट्रेलियात शिरताना खाण्याची प्रत्येक वस्तू कार्डावर जाहीर करायची. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर जबर दंड. पेढे, बर्फी, दुधाचं काहीही नेऊ नका. कंपनीच्या बंद पाकिटातले पोहे, जीरावन, शेव बहुधा निघून जातात, पण तरी लिहायचंच. गाडीत पोह्यांइतकं सोयीचं दुसरं काही नाही, पाच मिनिटांत गॅस बंद. फोडणी देताना मात्र वरची खिडकी आणि पंखा आधी उघडा, कारण स्मोक अलार्म ओट्यापासून हातभरावर असतो आणि मोहरी तडतडली की तो सगळा कॅम्प जागा करतो. माझ्या ओळखीच्या एका नागपूरकर कुटुंबाने शेवटी बाहेरच्या टेबलावर छोटी शेगडी मांडली, तेच बरं. कॅम्पवर सार्वजनिक बार्बेक्यूचे तवे असतात, त्यावर मांस भाजलेलं असतं. चालत नसेल तर वर अॅल्युमिनियमचा जाड कागद अंथरा.

संडासाचं बोलायलाच हवं. गाडीतल्या संडासाखाली बाहेरून ओढून काढायची पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात, साधारण १८ लिटरची. पाच माणसांत ती दीड-दोन दिवसांत भरते. दिवसा कॅम्पचे संडास वापरा, गाडीतला फक्त आजींना आणि रात्रीपुरता. लाल दिवा लागायची वाट न बघता रोज सकाळी, थोडीच भरलेली असतानाच, डम्प पॉइंटवर, म्हणजे कॅम्पवरच्या त्यासाठीच्या जागी, रिकामी करा. भरलेली पेटी जड होते आणि ओतताना उसळते. ओतताना बाजूचं हवेचं बटण दाबून धरायचं, म्हणजे गडगड न होता सरळ धार लागते. मग दोन वेळा पाणी घालून हलवायचं, औषधाची पुडी टाकायची. हे काम एकाने घेतलं की तोच सगळ्यांवर डाफरत फिरतो, तेव्हा पाळी लावा. आंघोळी कॅम्पच्या न्हाणीघरात. गाडीच्या टाकीतलं पाणी भांड्यांपुरतं.

कपड्यांचं थोडक्यात: पाण्यात साडी किंवा सलवार-कमीज भिजून जड होतात आणि पायात येतात. पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे शर्ट आणि लेगिंग्ज इंदुरातच घ्या, ऊनही अडतं, आणि अंगाला थापलेलं सनस्क्रीन डोहात उतरत नाही. साबण डोहात अजिबात नाही. संध्याकाळी काठावर बारीक माश्या चावतात, त्यांना लांब पॅंट हा एकच उपाय.

परतताना काकडूतून थेट डेपोवर येऊ नका. आदली रात्र डार्विन किंवा शेजारच्या पामर्स्टनच्या पार्कमध्ये ठेवा, कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी तिथेच रिकामी करा, डिझेल भरा आणि पावती जपून ठेवा. भरलेली टाकी परत दिली तर सफाईचे पैसे लावतात, आणि ते भरमसाट असतात. गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत गुंडाळून कडी लागली का ते शिडी लावून बघा. सिंगापूरचं विमान रात्री-पहाटेचं असेल तर गाडी आदल्या दुपारीच द्या, डेपो संध्याकाळी बंद होतात.